खाडी आली की रस्ता थांबतो
वाचकांचे प्रश्न : रेवस-रेडी सागरी मार्ग

सुट्ट्या जवळ आल्या की या सदराच्या टपालात समुद्र येतो. या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्याच्या रस्त्याबद्दल आहेत, म्हणून हा सगळा अंक त्या रस्त्यालाच दिला. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी दापोली आगारातून एसटीचा चालक म्हणून निवृत्त झालो. हर्णै, केळशी, दाभोळ या बाजूच्या वस्तीच्या गाड्या चालवल्या. संध्याकाळी शेवटच्या गावाला जायचं, रात्री देवळाच्या पडवीत आडवं व्हायचं आणि पहाटे शाळा-कॉलेजची पोरं आणि बाजाराच्या पाट्या घेऊन परत निघायचं, ही ती गाडी. त्यामुळे खाली जे लिहितो ते बरंचसं चाकामागे बसून पाहिलेलं आहे.

आम्ही चार दिवसांत अलिबागहून निघून समुद्राकाठानं थेट गोव्यापर्यंत जायचं ठरवलंय. सोबत आई-वडील (वडील ७४ वर्षांचे, गुडघे दुखतात) आणि दोन मुलं. अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास दिसतं, म्हणजे रोजचे सव्वाशे. एवढं सहज होईल ना? – एक वाचक, सातारा

नाही होणार. पुणे-सातारा हमरस्त्यावर सव्वाशे किलोमीटर म्हणजे दोन-अडीच तास. किनाऱ्यावर तेच अंतर अख्खा दिवस खातं. इथे तासाला पंचवीस-तीस धरून चाला. त्यातही खाडीकाठी बोटीची वाट पाहण्यातला वेळ वेगळा.

हे असं का, ते एकदा नीट समजून घ्या, म्हणजे पुढचा बेत तुमचा तुम्हालाच आखता येईल. सह्याद्रीतून कोकणात उतरणारी नदी पश्चिमेला समुद्राला मिळते आणि तोंडाशी तिची खाडी होते. कुंडलिकेची रेवदंड्याला, सावित्रीची बाणकोटला, वाशिष्ठीची दाभोळला, शास्त्रीची जयगडला. दोन खाड्यांच्या मधे जमीन उंच उठलेली असते, तिला आम्ही सडा म्हणतो. जांभ्या दगडाचं सपाट, उघडं माळरान. म्हणून इथला रस्ता समुद्राला धरून सरळ जातच नाही. खाडीतून सड्यावर चढायचं, सड्यावरून चार-पाच किलोमीटर वाऱ्यात जायचं, मग वळणं घेत नारळी-पोफळीच्या वाडीत उतरायचं, गावातल्या दोन गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून, कशीबशी गाडी काढायची, पुळणीला, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याला, डोळा लावायचा आणि पुन्हा चढ. दिवसभर हेच चालतं. ज्याला यात मजा वाटते त्याचाच हा रस्ता.

बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८० च्या सुमारास, रेवसपासून रेडीपर्यंत सलग सागरी मार्ग करायची कल्पना पुढे आली. लहान खाड्यांवर पूल झाले. रेवदंडा, आंजर्ले, भाट्ये, जैतापूर इथे आता गाडी न थांबता पलीकडे जाते. मोठ्या चार खाड्या मात्र, म्हणजे राजपुरी, बाणकोट, दाभोळ आणि जयगड, आज घडीला फेरीबोटीनंच ओलांडायच्या. बाणकोटच्या पुलाचे खांब कित्येक वर्षं पाण्यात उभे आहेत, त्यांच्याकडे बघत बोटीतूनच पलीकडे जायचं. रस्ता इथे थांबतो आणि आपल्यालाही थांबवतो. मला विचाराल तर तो थांबा हा प्रवासातला उत्तम वेळ आहे, पण चार दिवसांत गोवा गाठणाऱ्याला तो वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो आणि मग चिडचिड सुरू होते.

तेव्हा गोवा सोडा. तुम्ही साताऱ्याचे, तुमच्या दारातच कुंभार्ली घाट आहे. पाटण, कोयनानगर करत उतरा, चिपळूण, खेड, दापोली आणि मुक्काम हर्णै-मुरुडच्या बाजूला. तिथे दोन रात्री राहा, एक नको. पहिल्या दिवशी प्रवासानं सगळे थकलेले असतात, काही पाहून होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती. उजव्या सोंडेची मूर्ती आहे, गाडी देवळाजवळ जाते, त्यामुळे वडिलांच्या गुडघ्यांना त्रास नाही. तिथून खाली समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो, तो त्यांना तिथूनच दाखवा. होडीनं किल्ल्यावर जायचं तर चढ-उतार पाण्यातून असतो, त्यांच्यासाठी नको. मुलांना मात्र सांगा की २०२५ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मराठ्यांचे जे बारा किल्ले घेतले त्यात हा एक आहे.

दुपारी जेवून आराम करा आणि चारच्या सुमारास हर्णै बंदरावर जा. मासे खात नसलात तरी जा. लाटांच्या पलीकडे बोटी नांगरलेल्या असतात, त्यांच्यावर रंगीत बावटे. तिथून छोट्या होड्यांतून, बैलगाडीतून पाट्या येतात आणि ओल्या वाळूवर मासळीचे ढीग पडतात. पापलेट वेगळं, सुरमई वेगळी, कोळंबी वेगळी. ढिगाभोवती माणसांचं कडं होतं, मधला माणूस लिलावाचे आकडे एका दमात म्हणत जातो. घेणारी बाई तोंडानं काही बोलत नाही. नुसती भुवई उडवते किंवा बोट हलवते, तेवढ्यावर सौदा पुढे सरकतो. ढिगाचा सौदा ठरला की दुसऱ्या क्षणी तिची सून पाटी भरायला वाकलेली असते, बर्फ पडलेला असतो आणि कडं पुढच्या ढिगाकडे गेलेलं असतं. मुलांना पुढे उभं करा, पण वाटेत उभं करू नका. डोक्यावर पाटी घेतलेली माणसं थांबू शकत नाहीत. आणि कुणाच्या तोंडासमोर मोबाइल धरून फोटो काढू नका. त्यांच्या कामाची वेळ आहे ती.

तिसऱ्या दिवशी कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे करत दाभोळ. तिथे बोटीवर गाडी चढवून पलीकडे धोपावे आणि तिथून गुहागर. बोट नसती तर हाच प्रवास दापोली, खेड, चिपळूण असा शंभर किलोमीटरच्या वर गेला असता. गुहागरला व्याडेश्वराचं दर्शन घ्या, संध्याकाळी सुरूच्या बनातून समुद्रावर जा. चौथ्या दिवशी सकाळी गुहागरहून चिपळूण आणि कुंभार्लीनंच परत. पाचवा दिवस मिळाला तर मात्र हेदवी करत तवसाळला बोट धरा, जयगड, मालगुंड, गणपतीपुळे आणि तिथून आरे-वारेचा रस्ता रत्नागिरीपर्यंत. हा आरे-वारे म्हणजे सगळ्या किनाऱ्यातला मला सर्वांत आवडणारा तुकडा. डोंगराच्या कडेनं रस्ता वर चढतो आणि एका वळणावर दोन्ही पुळणी एकदम पायाखाली येतात. तिथे गाडी वळणावर थांबवू नका, पुढे जागा बघून बाजूला घ्या. परतीला आंबा घाट आणि तो उजेडी चढायचा.

मला गाडी शिकून दोन वर्षं झाली. रस्त्यावर भीती वाटत नाही, पण फेरीबोटीवर गाडी चढवायची कल्पनाच नको वाटते. पाण्यात गेली तर? घरचे म्हणतात, तिथे दुसऱ्या कुणाला तरी चढवायला सांगू. – एक वाचिका, कोल्हापूर

दुसऱ्या कुणाला सांगू नका ताई, तुम्हीच चढवा. एकदा चढवलीत की आयुष्यभराची भीती जाते.

बोट धक्क्याला लागते म्हणजे तिची लोखंडी फळी उताराच्या काँक्रीटवर टेकते. भरती असेल तर फळी जवळजवळ सपाट असते. ओहोटी असेल तर उतार लांब आणि तिरका होतो आणि त्याच्या खालच्या भागावर गाळ, शेवाळ असतं. अवघड वाटतं ते तेवढंच. आता क्रम सांगतो. धक्क्यावर पोहोचलात की आधी तिकीट काढा आणि गाडी रांगेत लावा. सगळ्यांना खाली उतरवा. गाडी हलकी होते आणि फळीच्या टोकाला खालचा पत्रा घासत नाही. काचा खाली करा, गाणी बंद. बोटीवरचा एक माणूस हातवारे करून गाडी घेत असतो, फक्त त्याच्याकडे बघा. नवरा एकीकडून, दीर दुसरीकडून सूचना देत असतील तर त्यांना आधीच बोटीवर चालत पाठवून द्या. पहिला गिअर टाका आणि एकाच चालीनं वर न्या. फळीवर चाक चढलं की मोठा खडखडाट होतो, तो फळीचा आवाज, गाडीचा नाही. मधे थांबायचं नाही, एवढं सांभाळा.

काही बोटींना एकाच बाजूला फळी असते. मग गाडी उलटी चढवावी लागते किंवा उलटी उतरवावी लागते. त्यासाठी घराजवळच्या एखाद्या चढावर पंधरा मिनिटं रिव्हर्सचा सराव करून या. आरशात बघून सरळ मागे येता आलं की झालं. बोटीवर गाडी उभी केली की हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, इंजीन बंद करा आणि खाली उतरा. बंद गाडीत बसून खाडी ओलांडू नका. दाभोळच्या खाडीत मधोमध आलात की मागे दाभोळची जुनी मशीद आणि समोर उजव्या हाताला, खाडीच्या तोंडाशी अंजनवेलचा गोपाळगड दिसतो. आदिलशाहीत हे केवढं मोठं बंदर होतं, ते पाण्यातूनच कळतं. रस्त्यावरून येणाऱ्याला दाभोळ हे एक अरुंद गल्ल्यांचं गाव वाटतं.

शेवटच्या बोटीवर बेत बांधू नका. वेळा हवेप्रमाणे बदलतात. निघण्यापूर्वी धक्क्यावर फोन करा किंवा जिथे राहिला आहात त्या घरच्यांना विचारा, त्यांना माहीत असतं.

भरती-ओहोटीच्या वेळा कळायला काही साधी युक्ती आहे का? आम्ही विदर्भातले, समुद्राशी आमची ओळख नाही. – शिक्षक, नागपूर

आहे आणि ती शाळेतल्या मुलांनाही घालता येईल असं गणित आहे. किनाऱ्यावरची जुनी माणसं घड्याळापेक्षा तिथीवर चालतात. त्या दिवशीची तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, तो पूर्ण भरतीचा आकडा. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, सकाळी आणि संध्याकाळी. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, पण फिरायला आलेल्या माणसाला एवढं पुरतं. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, ती का, हे मुलांना चंद्र दाखवून सांगा.

दुसरी गोष्ट, पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाण असतं. पाणी खूप वर येतं आणि खूप मागे जातं. अष्टमी-नवमीला भांग, म्हणजे चढ-उतार कमी. हे का महत्त्वाचं ते हेदवीला कळतं. तिथे उमामहेश्वराच्या देवळाशेजारी काळ्या कातळात एक अरुंद घळ आहे, बामणघळ. भरतीचं पाणी त्या चिरेत कोंडतं आणि उसळून वर फुटतं. ओहोटीला गेलात तर नुसती कोरडी भेग दिसते आणि लोक म्हणतात, यात काय पाहायचं. भरतीला गेलात तर कातळ पायाखाली थरथरतो. पण लांब उभं राहा. ओला कातळ गुळगुळीत असतो आणि एक लाट लहान आली म्हणून पुढची लहान येईल असं समुद्रानं कधी कुणाला कबूल केलेलं नाही.

एसयूव्ही आहे. पुळणीवर गाडी नेली तर चालेल का? – पिंपरी

नाही. बंदी आहे, आणि ओल्या वाळूत चाक बसलं की जितकं फिरवाल तितकं खाली जातं. भरती थांबत नाही. दरवर्षी कुणाची तरी गाडी अशी पाण्यात उभी असते आणि ती काढायला गावातली माणसं आपली कामं टाकून दोर घेऊन धावतात. शिवाय याच वाळूत कासवं अंडी घालतात. गाडी सुरूच्या बनाबाहेर लावा आणि चालत जा.

पावसाळ्यात हा रस्ता फार सुंदर असतो म्हणतात. ऑगस्टमध्ये यावं का? – जोडपं, डोंबिवली

सुंदर असतो, यात शंका नाही. एप्रिलमध्ये जो सडा भाजून काळा पडलेला असतो त्याच्यावर ऑगस्टमध्ये गवत, तळी आणि पुढे भाद्रपदात जांभळ्या-पिवळ्या फुलांचे पट्टे. जांभा हा सच्छिद्र दगड. मूळ काळा कातळच, पण युगानुयुगं पावसानं धुऊन त्यातलं लोह मागे राहिलं, म्हणून तो लाल. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि कड्याकडेनं, रस्त्याच्या बाजूनं जिथे तिथे झरे फुटतात. पण हीच गोष्ट धोक्याचीही आहे. समुद्राकडच्या कड्याला लाटा खालून पोखरत असतात आणि वरून सडा भक्कम दिसतो. टोकावर उभं राहून फोटो काढू नका, हे हात जोडून सांगतो.

काय बंद असतं ते आधीच ध्यानात घ्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणजे हर्णैचा लिलावही नाही. जंजिरा, सिंधुदुर्ग यांच्या होड्या पावसाळ्यात बंद. खाडीतल्या फेरीबोटी चालू असतात, पण वाऱ्या-वादळात थांबवतात, तेव्हा फिरून जायची तयारी ठेवा. घाटात दरडी येतात. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा दोन दिवस कोण कुठे अडकलंय याचा पत्ता नव्हता. म्हणून जोराच्या पावसाचा इशारा असेल त्या दिवशी निघायचंच नाही, हा नियम करा. सुट्टी वाया जाते, जाऊ द्या.

गणपतीच्या आठवड्यात मात्र येऊ नका. मुंबईतलं अर्धं कोकण त्या दिवसांत घरी येतं, रस्ते, बोटी, खानावळी सगळं भरलेलं असतं. ती वेळ आमच्या लेकरांची आहे. गौरी-गणपती गेले की पुढचे पंधरा दिवस या, फुलंही तेव्हाच.

राहायला रिसॉर्ट बरं की घरगुती? – एक वाचिका, पुणे

घरगुती, आणि त्याला कारण आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं जमिनीवर आलं आणि तिथपासून दापोली तालुक्यापर्यंत वाड्याच्या वाड्या झोपल्या. सुपारीचं झाड धरायला सहा-सात वर्षं लागतात. तेवढी वर्षं त्या घरांनी दोन खोल्या पाहुण्यांना देऊन आणि जेवणाच्या ताटांवर काढली. त्यांच्याकडे राहिलात की तुमचे पैसे वाडीत जातात. सकाळी घावणे किंवा आंबोळी मिळेल, दुपारी कुळथाची पिठी-भात मागून घ्या. जेवण किती माणसांचं ते आदल्या रात्री सांगा, कारण तिथे स्वयंपाक मोजून होतो. माडाखाली गाडी लावू नका. काच फुटते.

मी एकटी मोटरसायकलवरून दापोली ते रत्नागिरी करणार आहे. वय २६. रस्त्यावर काय सांभाळू? – नाशिक

जरूर कर. गावागावांतून रस्ता आहे, निर्जन असा पट्टा सड्यावर थोडाच लागतो. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोहोच, ते माणसांच्या भीतीनं नाही. रात्री रस्त्यावर गुरं बसलेली असतात आणि वळणावर ती दिवा पडेपर्यंत दिसत नाहीत.

आंधळ्या वळणावर हॉर्न दे, दिवसाही. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, उतरणाऱ्यानं थांबायचं. समोरून एसटी दिसली तर वळणाच्या अलीकडेच रुंद जागा बघून थांब. वळताना गाडीचा मागचा भाग बाहेर फिरतो आणि अख्खा रस्ता घेतो, चालकाला तू आरशात दिसत नाहीस. तो जाताना हात वर करेल. तूही कर. उतारावर न्यूट्रल टाकायचं नाही, ज्या गिअरमध्ये चढलीस त्याच गिअरमध्ये उतर. चिरेखाणींच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या खाणींच्या, आसपास ट्रकमधून सांडलेली लाल खडी रस्त्यावर असते, तिच्यावर ब्रेक मारू नकोस. आणि पेट्रोल. किनाऱ्याच्या गावांत पंप विरळ आहेत, दापोली किंवा गुहागरला टाकी भरून घेतल्याशिवाय पुढे सरकू नकोस. खिशात थोडी रोकड असू दे, खाडीकाठी मोबाइलला रेंज नसते तेव्हा पैसे पाठवता येत नाहीत.

नातवंडं किल्ले आणि देवळं पाहून कंटाळतात. त्यांना दाखवण्यासारखं आणखी काय? – एक आजी, सांगली

आजी, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येणार असाल तर वेळास किंवा आंजर्ले. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्रकासवाची मादी रात्री पुळणीवर येते, मागच्या पायांनी खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. परत बघायला येत नाही. पूर्वी ही अंडी लोक काढून न्यायचे, कोल्हीकुत्रीही खायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं वेळासच्या गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली आणि आता किनाऱ्यावर बऱ्याच गावांत ते काम चालतं. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वाळूतून वर येतात. सकाळी आणि संध्याकाळी घरट्यावर झाकलेली टोपली उचलून बघतात, पिल्लं असली तर पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडतात. तळहाताहून लहान जीव. ती स्वतः सरपटत जातात, लाट त्यांना उलटी टाकते, पुन्हा सरळ होतात, पुन्हा निघतात. कुणी हात लावायचा नाही. मी ज्या पोरांना दंगेखोर म्हणून ओळखत होतो ती पोरं दोरीच्या मागे श्वास धरून उभी राहिलेली पाहिली आहेत. टोपलीखाली काहीच नसेल असाही दिवस असतो, म्हणून दोन वेळा हातात ठेवून या.

दुसरं, कातळशिल्पं. रत्नागिरी आणि राजापूरच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी जांभ्यात चित्रं कोरून ठेवली आहेत. उक्षीला हत्ती आहे, त्याच्याभोवती कठडा केलाय, लहान मुलांना बघायला सोपं पडतं. कशेळीचा हत्ती तर एवढा प्रचंड की त्याच्या पोटात दुसरे प्राणी कोरलेत. २०२२ पासून ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. ऊन तिरपं असलं की रेघांत सावली पडते आणि चित्र उठून दिसतं, भर दुपारी नुसता दगड दिसतो. चप्पल घालून रेघांवर चालू नका, पाणी ओतू नका.

आम्ही दोघं निवृत्त. घाई नाही. रेवसपासून रेडीपर्यंत सगळा रस्ता करायचाच आहे. रत्नागिरीच्या खाली कसं जावं? – ठाणे

तुमच्यासारख्यांनीच करावा. दोन-अडीच आठवडे हाताशी ठेवा आणि खोल्या सगळ्या आधी ठरवून टाकू नका. जिथे जीव रमेल तिथे दिवस वाढवता आला पाहिजे.

रत्नागिरीत थिबा राजवाडा पाहा. ब्रह्मदेशचा राजा इथे कैदेत राहिला आणि इथेच १९१६ मध्ये वारला, त्या गच्चीवरून भाट्याची खाडी बघताना त्याला काय वाटलं असेल ते आपणच समजून घ्यायचं. पुढे भाट्याचा पूल, पावस, पूर्णगड, कशेळीचा कनकादित्य, आडिवऱ्याची महाकाली. जैतापूरचा पूल ओलांडलात की विजयदुर्गाकडे. किल्ल्याला दुपार पुरी द्या, तटावरून सूर्य बुडेपर्यंत उतरू नका. मग देवगड, कुणकेश्वर, मिठबाव, आचरा. आचऱ्याला थांबून कुणाला तरी गावपळणीबद्दल विचारा. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल घेऊन सगळं गाव, गुरंढोरं आणि कोंबड्यांसकट, तीन दिवस आणि तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतं. सांगणारा माणूस असा रंगून सांगतो की तुमचा चहा गार होतो.

मालवणात दोन दिवस. देवबागला मात्र रस्ता संपतो. पलीकडे भोगवे समोर दिसतं, पण गाडी घेऊन मागे वळावं लागतं आणि पुलानं कर्ली नदी ओलांडून परुळ्याकडे यावं लागतं. निवती, वेंगुर्ला, शिरोडा. शिरोड्याच्या मिठागरांत १९३० च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला, मिठागरांची चौकोनी आगरं रस्त्यावरून दिसतात. मग रेडी. तिथला यशवंतगड झाडीत बुडालेला आहे, संध्याकाळी एकट्यानं आत शिरू नका.

रेडीच्या पुढे तेरेखोल. किल्ला नदीच्या आपल्या बाजूला, पण हद्द गोव्याची. खाली धक्क्यावरून पलीकडे केरीला फेरीबोट जाते, तिच्यावर गाडी चढते. ओहोटी फार असेल तर ती थांबते, तेव्हा तिथी बघून जा.